खुंटाची सात पानं

“घ्या की, ताई. सरांचा गुलाब सरांच्या लेकीला नाही द्यायचा, तर कुणाला द्यायचा?”

सरांची लेक त्यांचा गुलाब मागायला आली, तसा रोपवाला बोलून गेला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मग मात्र मागच्या भिंतीकडं चोरून बघितलं.

सरांनी तीस वर्षं बागकाम शिकवलं. डोळा भरायचा, म्हणजे रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरून त्यात चांगल्या झाडाचा कोंब बसवायचा. आणि खालून खुंटाला फूट आली की खुडायची, नाहीतर खुंट वरच्याला खाऊन टाकतो. “खुडा, खुडा” इतक्यांदा म्हणत, की पोरांनी त्यांचं नावच ‘खुडा सर’ पाडलेलं. रोपवाला त्यांचाच विद्यार्थी; तो शाळा सोडून निघाला तेव्हा त्यांनी आपण तयार केलेला पिवळा गुलाब त्याच्या हाती दिला. “डोळा भरावा तर तू,” म्हणाले.

यानं डोळे हजारोंनी भरले, सगळे विकायचे. सरांचा गुलाब मागच्या भिंतीशी पडून राहिला. खुंट माजला, डोळा वाळला. तरी लोकांना तो छाती काढून सांगायचा, “हा आमच्या सरांचा. सध्या फुलावर नाही.”

गेल्या वर्षी सर काठी टेकत आले. वाकून बुंध्यावर अंगठा फिरवला. “पाणी घालत जा,” एवढंच बोलले. याला वाटलं, म्हाताऱ्याला आता दिसत नसावं. यंदाच्या उन्हाळ्यात सर गेले.

आता त्यानं तीच कुंडी ओढत आणून ताईपुढं ठेवली. ती उकिडवी बसली, देठाला बोट लावत पुटपुटली, “पाच, सहा, सात. दादा, एका देठाला पाच पानं ती आपली, सात ती खुंटाची. बाबांनी मला शाळेत जायच्या आधी शिकवलंय हे.”

“मेला तो,” रोपवाला कुंडीकडं बघत म्हणाला. “माझ्या आळसानं मेला. सरांना सांगायचं तोंड नव्हतं.”

“त्यांना माहीत होतं.” ताईनं पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी काढली. “बाबांच्याच गुलाबाची, आमच्या शेजारच्या शिंपीकाकांच्या दारातली. तुमच्याकडून परत आले, त्याच आठवड्यात बाबांनी घरच्या झाडावरून तिथं एक डोळा बांधून दिला. घरचं झाड त्यांच्या आजारपणात गेलं.”

“मग माझ्याकडं मागितलात कशाला?”

“ते म्हणाले होते, आधी माग. खोटं बोलला तरी काडी त्यालाच दे. हात चांगला आहे त्याचा.”

यापेक्षा त्यांनी चार शिव्या ठेवून दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. रोपवाल्यानं तोंड धुतल्यासारखा हात चेहऱ्यावरून फिरवला.

“महिन्यानं या, ताई. डोळा धरला तर दिसेल. नाही धरला तर तेही सांगेन.”

ती गेली. त्यानं सुरी दगडावर घासली, त्याच माजलेल्या खुंटाच्या फांद्या एकेक करून उतरवल्या आणि एक सरळ दांडा ठेवला. साल चिरली, डोळा आत सरकवला, पट्टी आवळली. मग बुंध्याशी बसून माती उकरून बघितली. खुंटाची एक लालसर फूट वर येत होती. त्यानं ती खुडली आणि बुंधा तपासायला पुढची कुंडी ओढली.