नदीपलीकडची वीज

आमच्या फूजी शहरात विजेतलं सगळ्यात जास्त इसोबेकाकांना कळतं, असं स्वतः इसोबेकाकाच सांगत.

कागद गिरणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरीच रेकॉर्डचा आवाज वाढवणारा व्हॉल्व्हचा प्रीॲम्प्लिफायर बांधला. रेकॉर्ड लावली की गायिकेच्या आधी 'घूंऽऽ' सुरू होई. काकांनी वीज गाळायला मोठे कपॅसिटर घातले, चोक घातला, फ्रिज बंद ठेवून सुमिएकाकूंचा टोफू नासवला. घूं जागच्या जागी.

शेवटी त्यांनी गुन्हेगार पकडला. फूजी नदीच्या अलीकडची वीज पन्नास हर्ट्झची, पलीकडची साठची.

"पन्नासची वीज आळशी असते," ते म्हणाले. "कितीही गाळा, घाण राहतेच."

मी त्यांचा शेजारी, त्याच गिरणीत विजेचं काम बघतो. "काका, ट्रान्सफॉर्मरचा डबा प्रीॲम्पला चिकटलाय, त्याचीच घूं आत शिरते. जरा लांब ठेवून बघा."

"तार लांबली की सूर पातळ होतो. कॉलेजात कान शिकवत नाहीत वाटतं?"

पलीकडे कानबारात, त्यांच्या चुलतभावाच्या शेजारचं घर विकायला होतं. काकांनी ते घ्यायचंच ठरवलं. काकूंचा जन्म अलीकडच्या काठावर गेलेला. मैत्रिणी इथे, संत्र्याचं झाड इथे. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी ऐकून तर बघू."

रविवारी आम्ही प्रीॲम्प आणि डबा माझ्या गाडीतून नेला. चुलतभावाच्या फळीवर सुक्या कोळंबीची खोकी होती, डब्याला जागाच नव्हती. काकूंनी गुंडाळलेली तार सोडली आणि डबा खाली जमिनीवर ठेवला. चुलतभावाने रेकॉर्ड लावली. गायिका एकटीच गायली.

"बघ दादा, आमची वीज," चुलतभाऊ म्हणाला.

काकांचे डोळे भरून आले. "उद्याच सह्या करू."

आम्ही परत आलो. घरी काका आंघोळीला गेले, तेव्हा काकूंनी मला सगळं जोडायला लावलं आणि डबा पुन्हा जमिनीवर ठेवला. काका बाहेर आले तर इथेही गायिका एकटीच गात होती.

त्यांनी स्पीकरकडे पाहिलं, मग डब्याकडे. मी माझ्या चहाकडे पाहिलं.

"अहो, वीज इथलीच आहे ना?" काकूंनी विचारलं.

काका केस पुसत राहिले.

कानबाराचं घर दुसऱ्याच कोणी घेतलं. आता काका येईल त्याला सांगतात, "वीजवाल्यांना कोणीतरी खडसावलेलं दिसतंय. आपल्याकडचीही सुधारली."

डबा जमिनीवरच आहे. काकू त्याला वळसा घालून केर काढतात.