टाळूवरचं तेल

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता एकमेकींत मिसळल्या आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्यात धरला होता, हे मला बायकोला विचारावं लागतं. ही एक घटना मात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटला एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या तीन पिढ्या याच जिल्ह्यात सरकारी चाकरीत गेल्या. घरात मराठी, कागदावर हिंदी आणि आरोपीसमोर जी तोंडात येईल ती, असा आमचा कारभार. या हकिकतीत नाव कुणाचंच घेणार नाही. त्यातले बरेच जण अजून याच गावात राहतात.

दुपारी बाराच्या सुमारास सरकारी दवाखान्यातून चिठ्ठी आली. सात वर्षांची मुलगी, भाजलेली, कारण स्टोव्हचा भडका. मी पोहोचेपर्यंत ती गेली होती. मर्ग कायम केला, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, आणि पंचनाम्याला लागलो.

'स्टोव्हचा भडका' हे शब्द ऐकले की पोलिसाचे कान टवकारतात. स्टोव्ह बिचारा फार क्वचित भडकतो, बाकीच्या वेळी भडकलेली माणसं त्याचं नाव पुढे करतात. या मुलीचं डोकं आणि कपाळ सगळ्यात जास्त जळालं होतं. रॉकेलचा वास कुठेच नव्हता. आई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या हातांवर भाजल्याचा एक फोड नव्हता, पण दोन्ही तळवे सुजून लाल झाले होते. लेकरू पेटलं की आई आधी हात घालते आणि मग ओरडते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलं होतं. या आईनं हात का घातला नाही, ते मला कळेना.

घर बघायला गेलो. बाप एका सरकारी कचेरीत बाबू, मूळ लांजीकडचा. स्वयंपाकघरात गॅस होता. स्टोव्ह ओट्यावर ठेवलेला होता, पण त्याच्या बुडाला बोटभर धूळ आणि टाकी कोरडी ठणठणीत. भिंतीवर काजळीचा डाग नव्हता. शेजारीण म्हणाली, "पोरगी बोलत नव्हती, साहेब. दिवसभर दाराची कडी वाजवत बसे. कोनी हात लावला का किंचाळे. त्या मायनं लय सोसलं."

'सोसलं' या शब्दाखाली मी माझ्या वहीत रेघ ओढली. कंटाळलेल्या आईनं लेकराला संपवल्याची प्रकरणं मी आधी हाताळली होती. ऑटिझम हा शब्द तोवर मी ऐकलाच नव्हता. डायरीत मी 'मंदबुद्धी' असं लिहिलं. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी आईला ठाण्यात बोलावलं. महिला आरक्षक, म्हणजे पोलीस शिपाई, शेजारी उभी होती, नवरा बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. मी सरळ घाव घातला.

"काहून मारलं तिले?"

बाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माह्याच हातानं झालं, साहेब. लिहून घ्या."

कबुली मिळाली की तपास संपला, असं मानणाऱ्यांतला मी होतो. मी मुन्शीला अटकेचा कागद काढायला सांगितला. आमचा मुन्शी, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, जुना माणूस. तो कागद घेऊन आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, इतक्या लवकर कबूल करनारं मानूस खरं सांगत नसते. उद्या लिहू."

मी त्याच्यावर डाफरलो. पण कागद खणात टाकला. खुनाचं कलम त्या बाईच्या डोक्यावर एक रात्रभर तसंच टांगून राहिलं. तो कागद मी तेव्हाच भरला असता तर ती जन्मठेपेपर्यंत गेली असती, कारण ती स्वतः एका शब्दानंही आड आली नसती.

संध्याकाळी एक म्हातारा ठाण्यात आला. गोंदिया रोडवर त्याचं गॅस वेल्डिंगचं दुकान होतं. आत यावं की नाही, याचा विचार करत तो बराच वेळ दारात उभा होता.

"साहेब, ते स्टोवची गोष्ट खोटी हाय."

"तुले कसं माहीत?"

"राजेगावच्या रस्त्यानं एका गोदामात टाकी हाय. त्यात लेकरायले कोंडतेत अन् आक्सीजन सोडतेत. डोकं सुधरते म्हणे. आक्सीजन माह्या दुकानातून जाते. काल सिलिंडर बदलाले गेलतो, त मले फाटकातूनच हाकललं. आतून जळक्या केसायचा वास येऊन राह्यलता."

"मग कालच काहून नाही आला?"

"तो टाकीवाला म्हणे, दवाखान्याचं काम हाय. अन् आपल्याच सिलिंडरनं पोरगी मेली असन त आपल्यालेच धरतीन, असं वाटलं." मग म्हणाला, "आमच्या धंद्यात आक्सीजनच्या नळीले तेलाचा हात लावत नाही, साहेब. तेल पेट घेते. अन् हा आदमी तिथं लेकरं ठेवते."

राजेगावचा रस्ता दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. हद्दीचा वाद घालत बसलो असतो तर टाकी भंगारात गेली असती. तिथल्या साहेबांना वायरलेसवर कळवलं, त्यांचा एक माणूस बरोबर घेतला आणि सकाळी सातला गोदामावर पोहोचलो.

राईस मिलमध्ये धान वाफवायची जुनी लोखंडी टाकी कापून, जोडून हे यंत्र तयार केलं होतं. एक माणूस आडवा झोपेल एवढी लांबी, तोंडाला गोल दार, दाराला सहा बोल्ट आणि मधोमध बशीएवढी काच. आत ऑक्सिजन भरून दाब वाढवायचा आणि लेकराला तासभर निजवायचं, असा हा उपचार. टाकी आतून-बाहेरून नवी रंगवलेली होती. मी बोट लावलं, रंग बोटाला आला. टाकीच्या छताला एक भोक पुट्टीनं बुजवलेलं सापडलं. निजायची फळी उचलली तर तिच्याखाली बल्बच्या काचा होत्या. एकेक काच वेचून कागदात बांधली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि दाराला सील लावायला सांगितलं.

तेवढ्यात बाहेर माणसं जमू लागली. लामत्याहून, लांजीहून, पलीकडे गोंदियाहून आईबाप आपापली लेकरं घेऊन ठरलेल्या वेळी आले होते. काय घडलं ते त्यांना ठाऊक होतं. तरीही एका बाईनं माझे पाय धरले.

"सील नोका लावू, साहेब. माह्या पोराच्या आठच बैठका राह्यल्या."

"अहो बाई, इथं एक लेकरू जळून मेलं!"

"हौ. माहीत हाय." ती पाय सोडेना. "पन दुसरं कोनी आमच्या पोरायले हातच लावत नाही."

मला तिचा राग आला. मी खेकसलोसुद्धा. सील लावलं आणि टाकीवाल्याला जीपमध्ये घातलं.

टाकीवाला चाळिशीचा, पांढरा कोट घातलेला, बोलण्यात साखर. डॉक्टर नव्हताच तो. दूरच्या एका शहरात, जिथं असं खरं यंत्र होतं, तिथं दार उघडणं-लावणं करणारा मदतनीस होता. चौकशीत त्यानं पहिलं वाक्य टाकलं, "साहब, वो बच्ची उस दिन आई ही नहीं थी."

मी ते मान्य केलं. चहा मागवला. अशा माणसावर हात उगारला की तो मिटतो, आणि त्याच्या कामाचं कौतुक केलं की उमलतो. तासभर मी त्याला यंत्राबद्दलच विचारत राहिलो. दाब किती, बैठका किती, कोण कोण बोलायला लागलं. तो रंगात आला. मग सहज विचारलं, "इतकं चांगलं यंत्र, त्यात धोका तरी कसला?"

"मेरी मशीन में कोई ख़तरा नहीं, साहब. ग़लती माँ-बाप करते हैं. उसकी माँ सिर में तेल चुपड़कर लाई थी, मैं क्या करता?"

मुन्शीची लेखणी थांबली. मी कप खाली ठेवला.

"जी मुलगी त्या दिवशी आलीच नव्हती, तिच्या डोक्याला तेल होतं हे तुला कुणी सांगितलं?"

त्यानं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर सगळं सांगितलं. मुलगी अंधाराला घाबरून आदळआपट करायची, म्हणून त्यानं आत वायर टाकून बल्ब लावला होता. त्या सकाळी तिनं वायरला हिसका दिला आणि ठिणगी उडाली. दाब उतरल्याशिवाय दार उघडत नाही, आणि बोल्ट सहा. आई काचेतून बघत होती आणि दोन्ही हातांनी लोखंड बडवत होती. नंतर यानंच त्यांच्या घरी जाऊन माळ्यावरचा स्टोव्ह काढून ओट्यावर ठेवला. "तुम्ही आपल्या हातानं तिला आत ठेवलं, संमतीच्या कागदावर सहीसुद्धा केली आहे, पोलीस आधी तुम्हालाच धरतील," असं त्यानं नवरा-बायकोला बजावलं होतं. मी बरोबर तेच करायला निघालो होतो.

नागपूरच्या एका जाणत्या डॉक्टरांना मी फोन करून विचारलं. ते म्हणाले की हे यंत्र मुळात खोटं नाही. न भरणाऱ्या जखमा, पाणबुड्यांचे आजार यांसाठी ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरतात. ऑटिझम त्यानं बरा होतो याला आधार नाही. आत जाताना सुती कपडे, अंगाला तेलाचा थेंब नाही, आत विजेची वस्तू नाही, हे तिथल्या शिपायालाही ठाऊक असतं. आमच्या टाकीवाल्यालाही ठाऊक होतं. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, कारण धोका सांगितला असता तर लेकरं आली नसती.

मी खणातला अटकेचा कागद फाडला आणि बाईला पुन्हा बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. आता तिला खरं सांगायला हरकत नव्हती.

"डोक्याले तेल काहून लावलं होतं?"

"माह्या सासूबाई म्हनत, हिची टाळू नीट भरली नाही, म्हनून वाचा फुटली नाही. तान्ही होती तवापासून रोज सकाळी टाळू भरो मी. गोडं तेल, वाटीभर." ती तळवे एकमेकांवर ठेवून बसली होती. "टाकीतली हवा टाळूतूनच आत जात असन, असं वाटलं मले. म्हनून टाकी सुरू झाली तवापासून जरा जास्तच जिरवो." मग तिनं वर पाहिलं. "तेलानं झालं का, साहेब?"

"बल्बानं झालं," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं, आणि पोलिसाचं अर्धं खरं कोर्टात टिकत नाही. खटल्यात डॉक्टर साक्षीला आले. बचाव पक्षाच्या वकिलांनी त्यांच्याकडून तेलाचं सगळं विज्ञान वदवून घेतलं. आई समोरच्या बाकावर बसून ऐकत होती. मग तिलाच उभं केलं आणि विचारलं, तेल तुम्ही लावलं होतं? ती "हौ" म्हणाली. तिच्या बाजूनं बोलायला तिथं कुणीच नव्हतं. सरकारी वकील कागद चाळत होते, आणि मी वर्दीत भिंतीशी उभा होतो.

टाकीवाल्याला निष्काळजीपणाच्या कलमाखाली शिक्षा झाली. त्या कलमात जास्तीत जास्त दोन वर्षं. अपील केलं आणि तो जामिनावर सुटला. पुढे तो हा जिल्हा सोडून गेला, एवढंच मला कळलं.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाई माझ्याजवळ आली. नवरा थोडा दूर उभा राहिला.

"साहेब, तुमी मले सगळं विचारलं. एक नाही विचारलं."

"काय?"

"ती बोलली होती."

मला वाटलं, दुःखानं तिला भास होत असावा. पण ती शांतपणे सांगत होती.

"सातव्या बैठकीले टाकीच्या तोंडाशी तिनं माहा पदर धरला अन् बोलली. जन्मात पयल्यांदा. 'नोको' म्हनली. सगळे धावत आले. टाकीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. बाकीच्या बायायनं मले जवळ घेतलं. मशीनचा गुन आला म्हनून मी गूळ वाटला, साहेब. मंग ती रोजच म्हने. टाकीपाशी आली का नोको, नोको. अन् आमी रोज खुश होऊन तिले आत ठेवो."

ती नवऱ्याबरोबर पायऱ्या उतरून गेली.

त्यानंतर माझी नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. लेकराचं प्रकरण आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारायचो, लेकरू काय म्हणत होतं? बोलत नसेल तर काय करत होतं? नव्या पोरांनाही मी तेच शिकवलं, आणि काहींनी ते लक्षात ठेवलं असेल. या केसमध्ये मी टाकी मोजली होती, काचा वेचल्या होत्या, बारा माणसांचे जबाब नोंदवले होते. त्या मुलीनं तिचा जबाब रोज सकाळी, सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं दिला होता.