कीळपट्टूचा बांध

सुभेदार ज्ञानमुत्तू बावीस वर्षं सुरुंग लावणाऱ्या सफरमैना पलटणीत होता. ब्रह्मदेशात गोळ्यांच्या माऱ्यात डोक्यावर दारूचं पोतं घेऊन नदीत उतरला, किल्ल्याचा दरवाजा उडवला आणि छातीवर पदक लागलं. पेन्शन घेऊन कीळपट्टूला परतला, तेव्हा मात्र तो तळ्याखालच्या चेरीतला, अस्पृश्य परयांच्या वस्तीतला मुत्तूच राहिला. गावचा मुन्सफ, म्हणजे पाटील, वरदप्पा लांबूनच हाक मारायचा, "काय रे मुत्तू, साहेब शेजारी बसवायचे का तुला?"

त्या कार्तिकात चार दिवस वादळी पाऊस कोसळला. पाचव्या सकाळी वरदप्पा छत्री सावरत चेरीत आला. आयुष्यात पहिल्यांदा.

"सुभेदार, बांध पाझरतोय. गावाकडून फुटला तर तीनशे घरं जातील. तुम्ही दक्षिणेकडून फोडा."

"म्हणजे आमच्या अंगावर."

"तुमच्या झोपड्या चाळीसच आहेत हो."

मुत्तू बांधावर चढला. बुडाशी गढूळ पाण्याची मनगटाएवढी धार सुटली होती. मुन्सफ खोटं बोलत नव्हता, याचाच त्याला संताप आला.

"आमच्या माणसांना देवळाच्या मंडपात घ्या. मग बत्ती देतो."

"मंडपात? डोकं फिरलंय का?"

"मग तुम्हीच फोडा."

घासाघीस होऊन देवळाबाहेरचा गोठा मिळाला. दुपारपर्यंत चेरी रिकामी झाली. फक्त मुत्तूची थोरली बहीण कन्नियम्मा उंबऱ्यात बसून होती.

"परक्यांची घरं उडवून पदक मिळवलंस, मुत्तू. आता माझं उडव."

"अक्का, हात जोडतो. ऊठ."

अखेर भाच्यांनी तिला उचलून नेलं. मुत्तूने खाणीतून आणलेली दारू बांधात ठासली, वात पेटवली आणि मागे पळाला. वळून पाहतो तर कन्नियम्मा गोठ्यातून निसटून उतारावरून झोपडीकडे निघालेली. तिची शेळी आत बांधलेली राहिली होती.

"अक्का! माघारी फीर!"

वाऱ्यात हाक विरली. तो वातीकडे धावला, पण आग केव्हाच बांधाच्या पोटात शिरली होती. स्फोटानं तो चिखलात आपटला. उठला तेव्हा खाली झोपड्या नव्हत्या, नुसतं पाणी होतं.

कन्नियम्मा तिसऱ्या दिवशी बाभळीत अडकलेली सापडली. भाचे मुत्तूला खांदा देऊ देईनात.

जिल्ह्याच्या कचेरीतून शाबासकीचं पत्र आलं. ते न फोडताच तो वरदप्पाच्या दारी गेला आणि चेरीसाठी टेकाडावरची पडीक जमीन मागितली.

"बघू," वरदप्पा ओट्यावरून म्हणाला. "चिखलाचे पाय घेऊन पुढे येऊ नकोस रे."

पोंगलपर्यंत वाट पाहून चेरीने त्याच खळग्यात पुन्हा झोपड्या घातल्या. मुत्तूने प्रत्येकाला माती वाहून दिली. कोणी नको म्हटलं नाही, पण कोणी बस म्हटलं नाही.