शिंगाचा घोडा

हमीदाच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. तिच्याकडं फोडणी पडली की ठसका मला लागतो. तरी ती गेल्याची बातमी मला पुण्याहून आली. सकाळी बीडच्या दवाखान्यात तिनं जीव सोडला आणि तिच्या पोरानं पहिला फोन केला तो माझ्या मुलाला, दत्तूला. दत्तू पुण्यात नोकरीला असतो. त्यानं मला फोन केला. "आई, बसलीयेस का? खाला गेली..." एवढं म्हणाला आणि रडायला लागला. पन्नाशीला आलेला माणूस, हुंदके देऊन. मी फोन कानाला धरून भिंतीकडं बघत बसले. तेव्हा मनात काय आलं ते खरं लिहिते. खोटं लिहायचं तर कागद कशाला खराब करायचा. मनात आलं, मी मेल्यावर हा एवढा रडेल का.

त्याला आता सव्वा महिना झाला. हमीदाचं आणि माझं माहेर वडवणी. चौथीपर्यंत एका तरटावर बसलो आणि दोघींची शाळा तिथंच संपली. माझं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं होतं. पण ती पाटीवर कोंबडा काढायची आणि गुरुजी ती पाटी वर्गभर फिरवायचे. अक्षराची पाटी कुणी फिरवत नाही. पुढं मी चौसाळ्याला दिली गेले. सुटले म्हणलं, तर दोन वर्षांनी ही शेजारच्याच घरात नवरी होऊन आली. तिचा नवरा पाट्या रंगवायचा. तो अक्षरं आखून द्यायचा, ही घरात बसून भरायची. तो वारल्यावर आखायचं कामही तीच करायला लागली. शेत माझ्याकडं होतं, दावणीला बैल माझ्याकडं होते, स्लॅबचं घर आधी माझं झालं. पण रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचा तो तिच्या ओट्यापाशी. मी तोंड वाकडं केलं की तिला भिंतीपलीकडूनसुद्धा कळायचं. म्हणायची, "कौसे, जळू नको गं. तुझा धूर माझ्या घरात येतो."

हे सगळं मी पचवलं होतं. पण तीन वर्षांमागं दत्तूच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं दोन महिने आराम सांगितला, म्हणून तो चौसाळ्याला आला. मला वाटलं, आता दोन महिने पोरगं माझं. तो येताना एक खोकं घेऊन आला. त्यात राखाडी प्लास्टिकच्या चौकटी, आणि चौकटीला माणसाचे हात, पाय, मुंडकी, भाले, ढाली सुटे सुटे चिकटलेले. पाचशे वर्षांपूर्वीची परमुलखातली फौज आहे म्हणाला. एकेक तुकडा कापायचा, कानशीनं घासायचा, डिंकानं जोडायचा, की बोटाच्या दीड पेराएवढा शिपाई उभा राहतो. मग तो रंगवायचा. अशी साठ माणसं आणि आठ घोडेस्वार. पुण्यात त्याच्यासारखेच मोठाले बाप्ये टेबलावर फौजा मांडून फासे टाकतात आणि टेप लावून अंतर मोजत लढाया करतात. मी म्हणलं, तुझ्या कंबरेला हेच कारण झालं असंल. पण मनातून मला बरं वाटलं. तो पलंगावर बसून जोडायचा, मी शेजारी बसून शेंगा फोडायचे. एक दिवस मीच म्हणलं, दे, मी रंगवते.

त्यानं तीन भालेवाले दिले. मी मन लावून रंगवले. रंग जरा जाड बसला. नाक-डोळे बुजून गेले, चिलखताच्या कड्या सारवल्यासारख्या सपाट झाल्या. दत्तू वाईट काही बोलला नाही. "राहू दे आई, तुझ्या डोळ्यांना त्रास होतो," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारची नमाज उरकून हमीदा त्याला बघायला आली आणि त्यानं एक शिपाई तिच्या हातात दिला. तिनं सगळा शिपाई आधी काळा करून टाकला. मला वाटलं, वाया घालवला. मग चंदेरी रंगाचा कुंचला चिंधीला पुसून तिनं तो फक्त उंचवट्यांवरनं फिरवला. खाचेतला काळा तसाच राहिला आणि चिलखताची कडी न् कडी उठून आली. "पाटीचं अक्षर असंच उठवत्यात," ती म्हणाली, "आधी सावली, मग अक्षर." दत्तू तो शिपाई फिरवून फिरवून बघत होता. गुरुजींनी पाटी फिरवली होती तसाच. त्या दिवसापासून ती रोज दुपारी यायची. दोघं चार-चार तास बोलत बसायचे आणि मी चहा करायचे.

आठ घोडे शेवटाला ठेवले होते. त्यांच्या अंगावर पायापर्यंत कापड होतं. ती झूलच. आमच्या बैलांची पोळ्याला असते तशी. आणि कपाळावर सरळ टोक होतं. मी म्हणलं, झूल आणि शिंग ही बाई मला काय शिकवणार. रंगाऱ्याच्या घरी बैल कुठला? एक घोडा मी पदराखाली घेतला आणि चुलीच्या खोलीत बसून रंगवला. हिरवी झूल, तिला पिवळी नक्षी, काठाला आरशांसारखे पांढरे ठिपके. शिंगाला पोळ्याचा उरलेला हिंगूळ लावला, टोकाला पितळी शेंबी काढली, बुडाशी लाल गोंडा काढला. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तो गुपचूप बाकीच्यांत ठेवला आणि चहाच्या निमित्तानं दारात उभी राहिले.

दत्तूनं तो उचलला आणि कंबर धरून हसायला लागला. "अरे, घोड्याला शिंग? हे तोंडावरच्या चिलखताचं टोक आहे. शिंग नाही काही. हे कुणी केलं?" मी चहा दारातच खाली ठेवला. हमीदानं एकदाच माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मीच केलं बाबा. चष्मा घरी राहिलता." दत्तूचं हसू थांबलं. त्यानं घोडा खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ धरला. मग म्हणाला, "खाला, काय डोकं चालवलंस गं. पुण्यात असली फौज कुणाकडंच नाही. सगळे घोडे असेच करायचे."

आठवडाभर मी हमीदाशी बोलले नाही. ती ओट्यावर येऊन बसायची. "मी तर तुझी फजिती माझ्या अंगावर घेतली. तो खूष हुईल हे मला काय ठाव? सांगून टाकू का त्याला?" मी म्हणलं, खबरदार. तिच्या तोंडून माझं कौतुक व्हायचं, ती भीक मला नको होती. पण उरलेले सात घोडे तिला करायचे होते आणि बैलातलं तिला ओ का ठो कळत नव्हतं. एका सकाळी दत्तू चालायला बाहेर पडला होता, तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, "कौसे, गोंडा शेंबीच्या वर का खाली?" मी भाकरी थापत राहिले. परत आवाज, "वरच काढते मग." मला राहवेना. म्हणलं, "शेंबीच्या वर काय राहतं गं, आभाळ? खाली काढ. बुडाशी." तिकडून हसल्याचा आवाज आला. तसे सात घोडे झाले. सकाळी तो बाहेर पडला की मी भिंतीच्या अलीकडून सांगायचे, ती पलीकडं रंगवायची. हिंगुळाची डबी माझ्याकडूनच न्यायची आणि डबी परत देताना म्हणायची, "आज धूर कमी हाय गं." दत्तू पुण्याला परत निघाला तेव्हा पहिला घोडा त्यानं तिला दिला. "हा खालाचा." तो तिच्या घरात टीव्हीशेजारी उभा राहिला. माझा घोडा. पुण्यात त्या फौजेला पोळ्याची फौज म्हणतात असं दत्तूनं फोनवर सांगितलं, तेसुद्धा आधी तिला.

ती गेली त्या दिवशी दत्तू संध्याकाळच्या आत पोचला. जनाज्याला खांदा दिला. कबरस्तानातून आल्यावर तिच्या अंगणात बसलेल्या माणसांना तो घोड्याची गोष्ट सांगत होता. खालानं कधी फौज बघितली नव्हती, पण घोड्याला शिंग देण्याचं धाडस फक्त तिच्यात होतं, असं म्हणत होता. माणसं माना डोलवत होती. मी बायकांत बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी तो निघताना मी सांगितलं. "दत्तू, तो घोडा मी केलाय."

तो बॅग भरत होता. थांबला नाही. म्हणाला, "आई, आता तरी नको."

"अरे, रंगाऱ्याच्या घरी बैल कुठला? हिंगूळ कुठला? तूच सांग."

तेव्हा मात्र त्याचा हात थांबला. मला वाटलं, पटलं. मग तो म्हणाला, "दर पोळ्याला ती आपल्याच दारात तर उभी असायची बैल बघत. तिची नजर तशीच होती." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू तिच्यावर जळायचीस हे सगळ्या गावाला माहीत आहे. गेली ना आता ती... सोड."

जळत होते हे खरंच होतं. खरं काय ते जिला ठाऊक होतं तीच मेली होती, आणि तिचं तोंड मीच बांधून ठेवलं होतं. ती असती तर मी भिंतीवर हात मारला असता आणि म्हणलं असतं, हमीदे, ये गं इकडं, सांग ह्याला.

चार दिवस थांबले आणि तिच्या सुनेकडं, शबानाकडं गेले. म्हणलं, तो घोडा मला दे. ती बिचारी लगेच उठली. पदरानं पुसून घोडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "न्या की खाला. अम्मीच्या हातचा हाय. तुमच्यापाशीच शोभंल." सांगावं असं ओठावर आलं. पण तिचे डोळे भरले होते. मी घोडा घेऊन आले.

आता तो माझ्या खिडकीत असतो. घरी कोण आलं की विचारतं, हमीदाचा घोडा तो हाच का. मी हो म्हणते. जड जातं, पण म्हणते. रविवारी दत्तूचा फोन येतो, तोंड दिसतं तसला. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, एवढं झालं की म्हणतो, "आई, खालाचा घोडा दाखव." मी उठते, तो खिडकीतून काढते आणि फोनपुढं धरते. शिंग नीट दिसेल असा धरते.