पकडीत सत्तर, झिजेत ऐंशी

आमच्या मावसाजींइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही, आणि खरं बोलून आपल्याच माणसाचं एवढं नुकसान करणाराही. हे मी प्रेमानेच लिहिते आहे. पण प्रेमात राग मिसळलेला असला तर तो गाळून लिहायची मला सवय नाही. मी ड्रायव्हरांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. पत्रकात एक बाजू असते, दोन मागण्या असतात आणि तीन उद्गारचिन्हं असतात. मावसाजींच्या सबंध आयुष्याला उद्गारचिन्ह एकच, ते म्हणजे टायर. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका कारखान्यात, जिथे झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवतात, तिथे त्यांनी तीस वर्षं काढली. स्वतःची कार कधी घेतली नाही, आजही सायकलवरच फिरतात. पण दुसऱ्याची कार उभी दिसली की हे तिच्यापुढे गुडघे टेकणार, रबर अंगठ्याने दाबणार, नाक लावून वास घेणार. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. माझ्या एका मित्राबद्दल विचारायचं असलं तर म्हणतात, "तो कसा आहे वं, मागचा डावा टायर आतून घासलेला?" मावशी म्हणते, "यायच्या तिरडीले चाकं लावजा बाप्पा, नाहीतर उठून बसतीन."

माझ्या बहिणीचं लग्न जरीपटक्याला झालं. पाठवणीला सगळे रडत होते आणि मावसाजी फुलांनी सजवलेल्या गाडीखाली वाकले होते. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, तो कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनला त्याचे. ते वाचून उठले, पँटीचे गुडघे झटकले आणि नवरदेवाच्या वडिलांपुढे हात जोडून म्हणाले, "इवाईबुवा, पोरगा तुमचा शिकेल आहे, त्याच्याबद्दल बात नाही. पण टायर आठ वर्षांचे आहेत. आमची पोरगी यात बसत नसते." आईने कपाळावर हात मारला. शेवटी बहीण मामाच्या ऑटोत बसून सासरी गेली, मागून ती सजवलेली गाडी रिकामी आली आणि तिचे सासरे पुढे वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. नवे टायर मात्र त्यांनी त्याच आठवड्यात टाकले.

टायरांची परीक्षा ते मे महिन्यात घेत. दुपारी दोन वाजता, सगळं नागपूर कूलरपुढे आडवं असताना, हे डोक्याला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा आणि हातात पाण्याची बादली घेऊन सिमेंटच्या रस्त्यावर उभे. ओळखीचा ड्रायव्हर गाडी चाळीसच्या वेगाने आणणार, खडूच्या रेघेवर ब्रेक मारणार, आणि गाडी किती सरकली ते हे पावलांनी मोजणार. आधी कोरड्या रस्त्यावर, मग ओल्या. पण त्या उन्हात ओला रस्ता गाडी येईपर्यंत कोरडा व्हायचा, म्हणून बादली घेऊन पळापळ. एकदा हवालदाराने हटकलं, "काका, काय करून राहिले भर रस्त्यात?" मावसाजी म्हणाले, "पेपर तपासून राहिलो." पेपर तीन होते: पकड, झीज आणि पैसा वसूल, प्रत्येकी शंभर मार्कांचे. झीज मोजायला त्यांनी कधी यंत्र वापरलं नाही. आगपेटीची काडी टायरच्या खाचेत उभी धरायची, रबराच्या पातळीवर मोडायची, आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गाडीचा नंबर लिहून डिंकाने चिकटवायची. दर महिन्याला एक काडी. मावशीच्या स्वयंपाकघरात अशी कॅलेंडरं उलटी टांगलेली असायची, आणि त्यांवर आखूड होत गेलेल्या काड्यांच्या रांगा.

लोक सल्ला विचारायला येत, म्हणजे आपण घेतलं तेच भारी हे ऐकायला येत. धरमपेठेतला एक तरुण खास उन्हाळ्याचे म्हणून विकलेले महागडे टायर लावून आला. मावसाजींनी दोन महिने तपासून सांगितलं, "पकड ब्याण्णव. नरम रबर आहे, रस्त्याले लेकरासारखं बिलगते. पण झिजेत पस्तीस, नापास. आपल्या सिमेंटवर दोन उन्हाळे काढले तं पेढे वाट." पोराने तोंड वाकडं केलं. "अन् उन्हाळ्याचा टायर कायचा गा? फॉरेनात उन्हाळ्याचा वेगळा, हिवाळ्याचा वेगळा. आपल्याकडे टायर एकच अन् उन्हाळे दोन, एक मेचा, एक ऑक्टोबरचा." कडक रबराचे स्वस्त टायर लावणाऱ्यालाही ते सोडत नसत. "टिकते तं सासऱ्यासारखं, पण धरून ठेवत नाही कोणाले." कोणालाच हवं ते उत्तर मिळत नसे, आणि तरी माणसं पुन्हा येत. मला याचं फार कौतुक होतं. मागच्या मे महिन्यापर्यंत होतं.

प्रमोद हा आमच्या ड्रायव्हर संघटनेतला. एका ठेकेदाराकडे ऑफिसातल्या माणसांना नेण्या-आणण्याची गाडी चालवायचा, आणि महिन्यातून एकदा ती मावसाजींच्या दारात काडीसाठी उभी करायचा. मेमध्ये भर दुपारी अमरावती रोडवर त्याचा पुढचा टायर फुटला आणि गाडी दुभाजकावर चढली. आतले सगळे वाचले, प्रमोदचा खांदा मात्र निखळला. "वेगात होता" म्हणून ठेकेदाराने त्याला कामावरून काढलं. मी बसल्या बैठकीला पत्रक लिहिलं: 'टकल्या टायरांवर कामगारांचा जीव!' टायर मी पाहिला नव्हता. पत्रक लिहायला टायर कशाला पाहावा लागतो? ठेकेदाराशी बैठक ठरली, आणि मावसाजी आपणहून म्हणाले, "मी येतो. त्या गाडीचं सारं माझ्यापाशी आहे." सारं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

इस्त्रीचा शर्ट घालून, कॅलेंडरची गुंडाळी काखेत मारून ते आले. ठेकेदाराने पाणी दिलं आणि विचारलं, "सांगा काका, टायर टकला होता?"

"नाही जी. टायर चांगला होता. पकडीत सत्तर, झिजेत ऐंशी."

प्रमोदने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मावसाजी!"

"थांब वं. फुटला तो हवेपायी. गरम टायर फुगते म्हणून त्यातली हवा काढली होती. कमी हवेचा टायर बसते, चुरमडते, आतून भट्टी होते. हवा सकाळी मोजाव, टायर गार असतानी."

"अन् हवा काढली कोणं? ड्रायव्हरनंच ना?" ठेकेदाराने विचारलं.

"हातानं त्यानंच काढली, पण..."

मी त्यांचं कोपर धरून त्यांना उठवलंच. "बस झालं. चला." ठेकेदाराने माझं पत्रक घडी करून मला परत दिलं. म्हणाला, "ताई, तुमच्याच माणसानं सांगतलं." खाली रस्त्यावर येऊन मी मावसाजींना म्हणाले, "तुम्हाला माणसापेक्षा टायर जवळचा आहे." ते सायकलचं कुलूप उघडत होते. म्हणाले, "खोटे मार्क कसे देऊ वं?" दुखरा हात दुसऱ्या हातात धरून प्रमोद बसस्टॉपकडे निघून गेला.

दोन महिने मी मावशीच्या घरची पायरी चढले नाही. मग मावशीचा फोन आला, "काहून वं, आमी मेलो का तुह्यासाठी?" गेले. मावसाजींनी तेच कॅलेंडर माझ्यापुढे उलगडलं. काड्या आठ होत्या, सगळ्या जवळजवळ सारख्या उंचीच्या. एप्रिलच्या काडीखाली त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'सुपरवायझरचा हुकूम, सर्व ड्रायव्हरांनी दुपारी हवा कमी करूनच गाडी काढणे, नाहीतर हजेरी नाही. मी चूक म्हणून सांगितले. ऐकले नाही.' मी ते दोनदा वाचलं. हुकूम तोंडी होता, पुरावा नाही म्हणून प्रमोदने तो सांगितला नव्हता, आणि टायर का फुटला हे मीही त्याला कधी विचारलं नव्हतं. माझ्या पत्रकातल्या साऱ्या उद्गारचिन्हांपेक्षा ही एक ओळ ठेकेदाराला जड गेली असती. ती घेऊन आम्ही पुन्हा गेलो. ठेकेदार भेटला नाही. सुपरवायझर काम सोडून गेला होता. कारकुनाने पहिल्या बैठकीचा कागद दाखवला. त्यात 'संघटनेच्या जाणकाराचे म्हणणे' म्हणून लिहिलं होतं, टायर चांगला, हवा ड्रायव्हरने काढली. पुढे पूर्णविराम.

प्रमोद आता वाडीतल्या एका गोदामाच्या दारावर बसून येणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहितो. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. परवा मी तिकडे निघाले होते, तर मावसाजींनी मला थांबवलं. म्हणाले, "प्रमोदले सांगजो, टायर चांगला होता, अन् डायवरही चांगलाच होता. ते दुसरं वाक्य त्या दिवशी माझ्याकडून राह्यलं."

त्यांच्याकडून राहिलं नव्हतं. मी त्यांच्या तोंडून काढून घेतलं होतं. हे प्रमोदला सांगायला मी त्या गोदामापर्यंत दोनदा जाऊन आले आहे. दोन्ही वेळा त्याने मान वर करून विचारलं, "काय ताई, कसं येणं केलं?" आणि दोन्ही वेळा मी म्हणाले, "काही नाही, सहज."