वर्गातला पुकारा

‘आरटीई, ऊठ. तुझे आजोबा आलेत न्यायला.’

बाई असे म्हणाल्या आणि वर्गातली दोन मुले उभी राहिली. एक माझी नात, दुसरा एका रिक्षावाल्याचा मुलगा. दोघांनाही शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवर प्रवेश मिळालेला. वर्ग हसला. बाईही हसल्या. ‘तू न्हवं रे, ती,’ म्हणाल्या. मुलगा बसला. नात दप्तर उचलून माझ्याकडे आली, जणू काही घडलेच नव्हते.

तिची ती मुकाट चपळाई माझ्या ओळखीची होती. मलकापूरकडच्या आमच्या गावी मी शाळेत गेलो, तेव्हा धम्मदीक्षेनंतर वडिलांनी अभिमानाने ठेवलेले नाव घेऊन गेलो. गुरुजींनी ते ऐकले. ‘असली नावं तुमच्यात कधीपास्नं?’ एवढेच विचारले. त्या दिवसापासून मला भिंतीकडेला वेगळे बसवले आणि मी ‘भिंतीकडचा’ झालो. हाक आली की उठत असे.

पुढे मी कोल्हापूरच्या न्यायालयात कारकून झालो. तेथे प्रकरण निघाले की शिपाई दारात येऊन पुकारा करतो. वादी असो, खुनाचा आरोपी असो, पूर्ण नावाने. माझ्या नातीच्या वाट्याला आरोपीएवढाही मान नव्हता.

मी बाईंना म्हणालो, ‘तिचे नाव संघमित्रा आहे. तेच घ्या.’

बाई रागावल्या नाहीत. तेच अधिक लागले. एवढ्या मुलांत लक्षात ठेवायला सोपे पडते, म्हणाल्या. पुढच्या बाकावरच्या डॉक्टरांच्या मुलीचे नाव मात्र त्यांना ठाऊक होते. तिच्या कुत्र्याचेही. मुख्याध्यापिका याहून स्पष्ट होत्या. ‘आजोबा, फी न भरता शिकतीय की. आणखी काय पाहिजे?’

घरी मी तक्रारीचे पत्र लिहायला घेतले, तेव्हा माझ्या मुलाने, तिच्या वडिलांनी, हात जोडले. ‘आबा, पत्रं नका लिवू. तुम्ही लिवणार, भोगायचं तिला हाय.’

त्याची भीती खोटी नव्हती. म्हणून काय वाटते ते मी नातीलाच विचारले. ती बुटाची नाडी ओढू लागली. मग म्हणाली, ‘बाई म्हणत्यात, तुझं नाव लई मोठं हाय.’

मी तिला सांगितले: नाव घेतल्याशिवाय उठायचे नाही. उर्मटपणा नाही, रडणे नाही. केवळ बसून राहायचे.

दुसऱ्या दिवशी हजेरीला ‘आरटीई’ अशी हाक आली. रिक्षावाल्याचा मुलगा उठला, ती बसून राहिली. पुन्हा आली. बसूनच. बाईंनी तिची गैरहजेरी मांडली. डोळ्यांसमोर बसलेल्या मुलीची. शाळेने माझ्या मुलाला बोलावून माफीनामा मागितला. घरी येऊन त्याने माझ्याकडे पाहिले. या वेळी हात जोडले नाहीत.

‘लिवा आबा,’ म्हणाला.

लिहिले. बालकाचा मानसिक छळ करण्यास मनाई करणारे कायद्याचे सतरावे कलम शब्दशः उतरवले. माफीनामा मिळणार नाही आणि दाखलाही आम्ही काढून नेणार नाही, हे कळवले. पत्र शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले आहे. उत्तर न आल्यास वरच्या कार्यालयात जाईल. तेथेही न आल्यास न्यायालयात.

‘विषय’ या शब्दापुढे मी तक्रार असे लिहिलेले नाही. आरटीई तर नाहीच. तेथे तिचे पूर्ण नाव आहे. उत्तर देणाऱ्याला ते आपल्या पत्रात लिहावेच लागेल.

तोवर ती उठणार नाही.