अपडेटनं गेलं

“अपडेट केल्यानं कंप्युटर बिघडते का हो?” मलकापुरातल्या माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतंच. खरं उत्तर सांगतो. बिघडतो, कधी कधी. प्रिंटर चालेनासा होतो, आवाज जातो, पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसतं आणि माणूस खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसतो. पण साठवलेल्या फायली अपडेटनं सहसा जात नाहीत. त्या जातात माझ्यासारख्याच्या हातानं. हे मी गिऱ्हाइकाला कधी बोललो नाही. पूर्वी लोकांना नजर लागायची, आता अपडेट लागतं, आणि आम्हा दुकानदारांचं फावतं. माझ्याच हातून स्क्रू हरवला तरी मी अपडेटलाच शिव्या देतो.

रोहिणखेडकडचे एक रिटायर गुरुजी काळीपिवळी जीपमधून चादरीत गुंडाळून कंप्युटर घेऊन आले. ऊन मी म्हणत होतं, दोन गिऱ्हाइकं आधीच डोक्यावर उभी होती आणि माझं डोकं तापलेलं. गुरुजी म्हणाले, “काल सूनबाईनं अपडेटचं बटन दाबलं, तवापासून चक्रच फिरून राह्यलं. याच्यात मायी यादी हाय बरं, तिले...”

“सगळं राहते गुरुजी. ठेवा अन् संध्याकाळी या. इथं उभं राहू नका, गर्दी होते.”

म्हातारा बाहेर गेला. कसली यादी, ते मी विचारलं नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्याच्या कंप्युटरात काय असणार? नातवाच्या वाढदिवसाचे फोटो आणि सकाळी सकाळी पाठवायची गुड मॉर्निंगची फुलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. फायली आधी दुसरीकडे उतरवून घ्यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढाही कंटाळा आला मला. सरळ फॉरमॅट मारला, सगळं पुसून नवी सिस्टीम टाकली. गुरुजींनी जे काही होतं ते डेस्कटॉपवरच ठेवलेलं, घरच्या टेबलावर ठेवावं तसं. डेस्कटॉप पुसला की सगळं जातं, हे मला ठाऊक होतं. त्यांना नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी कोरा पडदा पाहिला. “यादी कुठी हाय?”

मग कळलं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी एकाच शाळेत शिकवलं. त्या यादीत हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोराचं, पोरीचं नाव आणि त्याच्यापुढे एक-दोन ओळी. कोण कुठे पोचलं, कोणाला पाढे येत नव्हते, कोण वारलं. “नापास झालेलेबी हाय त्यात,” म्हणाले. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून दुपारच्याला ते बोलायचे आणि सून टाईप करायची. चार वर्षं.

यादी परत मिळवायची मी धडपड करून पाहिली, पण नव्या सिस्टीमनं जुन्यावर पांघरूण घातलेलं, हाती काही लागलं नाही. खोटं बोलताना मात्र जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

“अपडेटनं गेलं, गुरुजी. अर्धवट अपडेट झालं का असं होते.” एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण भीती वाटत होती, म्हणून पुढे विचारलं, “बटन कोणी दाबलं म्हणालात?”

त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख तिथल्या तिथे राग झालं. मला, लाज वाटते सांगायला, हायसं वाटलं.

आठवड्याभरानं त्यांचा फोन आला. घरी येऊन कंप्युटरला पासवर्ड टाकून द्या म्हणे, सुनेला कळणार नाही असा. मी गेलो. मुलगा बाहेरगावी नोकरीला, घरात सासरा-सून दोघंच. मी समोर बसलेला असताना गुरुजी तिला बोलत होते. “शिकलेली सून आनली म्हनून गावभर सांगतलं होतं म्या. पाहा, हे दिवे लावले! चार वर्षं एका बोटानं घालवले.” ती दारात उभी. डोक्यावरचा पदर सारखा करत होती.

कोणीतरी हाक मारली म्हणून गुरुजी बाहेर ओट्यावर गेले. ती चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “भाऊ, अपडेटनं डेस्कटॉपवरल्या फायली जातात का?”

“जातात कधी कधी.”

“नाही जात. म्या कोर्स केला हाय. अपडेटनंतर नुसतं चक्र फिरत होतं, मंग पुसला कोनी?”

मी चहात पाहत राहिलो. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला तिच्यावर ओरडता आलं असतं.

“तुमचं नाव नका सांगू. फक्त इतकं म्हना का अपडेटनं नाही गेलं, मशीनच खराब झाली होती. माह्यावालं नाही ऐकत ते, तुमचं ऐकतात. मले अर्ध्याच्या वर यादी पाठ हाय, भाऊ. म्याच लिवली ना! कंप्युटर उघडा ठेवला तं पुन्हा लिवून देतो त्यायले.”

केवढंसं मागत होती! एक वाक्य. पण मशीन खराब होती म्हटलं की गुरुजी ती दुसऱ्या दुकानात दाखवतील, आणि तिथला माणूस दोन मिनिटांत सांगेल की मशीन ठणठणीत आहे, फॉरमॅट मारलाय. माझा धंदा नावावर चालतो. गुरुजींच्या चपला ओट्यावरून आत आल्या तसा मी मुद्दाम मोठ्यानं बोललो, “नाही वहिनी, अपडेटनंच गेलं. पुढच्या वेळेस जपून हात लावत जा.”

“पाह्य!” गुरुजी म्हणाले. “मी काय सांगत होतो?”

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कप उचलून आत गेली. मी पासवर्ड टाकला. गुरुजींच्या कानात सांगितला, तोंडावर हात धरून.

पावसाळा सरता सरता पुन्हा त्यांचा फोन. मला वाटलं, पासवर्ड विसरले.

“नाही बाप्पा, तो हाय ध्यानात. यादीले बसलो पुन्हा. डोयाले दिसत नाही, एका एका नावाले घंटाभर लागते. पयल्या बॅचमंधी अठरा लेकरं होते, बारा आठवतात. सहा कोन होते, कायी आठवून नाही राह्यलं.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “घरात कोणाला विचारून पाहा ना.”

“घरात कोनाले इचारू?” ते म्हणाले. “घरात कोनाले माहीत असनार?”

फोनमध्ये मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता.

“खरं आहे, गुरुजी,” मी म्हणालो.